सभागृहाचे नियम आणि बहुमताची सोय

विधिमंडळाच्या नियमपुस्तिकेविषयी समाजवादी चळवळीत एक जुनी उदासीनता आढळते. मोर्चा, संप, दुष्काळी भागातील रोजगाराची मागणी ही खरी राजकीय कामे. आणि हरकतीचा मुद्दा कोणत्या नियमान्वये मांडावा, मतविभाजन कोणी व केव्हा मागावे, ही वकिलांची नि सचिवालयाची कामे, अशी एक विभागणी कार्यकर्त्यांच्या मनात होऊन बसली आहे. मधु लिमये ह्यांनी ही विभागणी कधीच मानली नाही. १९६४ च्या पोटनिवडणुकीत बिहारमधील मुंगेरहून लोकसभेत गेलेल्या ह्या पुणेकराने नियमावलीचा उपयोग हत्यारासारखा केला. बलाढ्य बहुमताच्या सरकारला मूठभर सदस्यांचा पक्ष दिवसेंदिवस जाब विचारू शकला, तो नियम मुखोद्गत होते म्हणून. ह्या हत्याराची धार सत्ताधाऱ्यांनाही ठाऊक होती. आणीबाणी जाहीर झाल्यावर जुलै १९७५ मध्ये संसदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा सरकारने प्रथम काय केले असेल, तर प्रश्नोत्तरांचा तास, लक्षवेधी सूचना व अशासकीय कामकाज ह्यांसंबंधीचे नियम त्या अधिवेशनापुरते स्थगित करून घेतले. लिमये, मधु दंडवते प्रभृती त्या वेळी तुरुंगात होते. प्रश्न विचारणारा माणूस सभागृहात नसावा, आणि असलाच तर त्याला प्रश्न विचारता येऊ नये, अशी ती दुहेरी व्यवस्था होती.

ही आठवण काढण्याचे कारण महाराष्ट्र विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये केलेली नियमदुरुस्ती हे आहे. तिचा गाजावाजा काही आठवडे झाला आणि मग पुढच्या सत्तांतराच्या धुरळ्यात ती विसरली गेली. दुरुस्ती मात्र विसरली गेल्याने रद्द होत नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. विधानसभेचे अध्यक्ष नाना पटोले ह्यांनी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला. नियम ६ अन्वये अध्यक्षाची निवडणूक लढतीच्या प्रसंगी गुप्त मतदानाने व्हावयाची होती. महाविकास आघाडीच्या सरकारने ३० नोव्हेंबर २०१९ रोजी १६९ मतांनी विश्वास संपादन केला होता. २८८ च्या सभागृहात हे बहुमत काही काठावरचे नव्हे. तरीही ही निवडणूक घेण्याचे धैर्य सरकारला वर्षभर झाले नाही. भीती विरोधकांची नव्हती, स्वतःच्या बाकांवरील सदस्यांची होती. अखेर मुंबईत भरलेल्या पाच दिवसांच्या हिवाळी अधिवेशनात नियम ६ व ७ बदलण्यात आले आणि गुप्त मतदानाच्या जागी आवाजी मतदान आले. हरकती व सूचनांसाठी असलेली मुदत घाईने आखडती घेतली गेली, हा विरोधकांचा आक्षेप होता. हेही लक्षात ठेवले पाहिजे की ५ जुलै २०२१ रोजी एका वर्षासाठी निलंबित झालेले भारतीय जनता पक्षाचे बारा सदस्य त्या वेळी सभागृहाबाहेरच होते. अधिवेशनाच्या कालावधीपलीकडचे ते निलंबन घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी दिला. पण तोवर नियम बदलून झाला होता.

वृत्तपत्रांतील चर्चा गुप्त की आवाजी ह्या प्रश्नापुरती राहिली. दुरुस्तीचा दुसरा भाग तिच्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा होता. निवडणुकीची तारीख राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून ठरवावी, असे शब्द नियमात घालण्यात आले. राज्यघटनेचा अनुच्छेद १७८ सांगतो की विधानसभा शक्य तितक्या लवकर आपल्यातील दोन सदस्यांची अध्यक्ष व उपाध्यक्ष म्हणून निवड करील. त्या अनुच्छेदात राज्यपाल नाही, मुख्यमंत्री तर नाहीच नाही. निवड करणारी विधानसभा आहे. नियमाने मात्र सभागृहाच्या दाराला दोन कुलपे लावली आणि एक किल्ली मुख्यमंत्र्यांच्या, तर दुसरी राज्यपालांच्या हाती दिली. मुख्यमंत्र्यांनी शिफारस केली नाही तर निवडणूक नाही. राज्यपालांनी तारीख दिली नाही तरी निवडणूक नाही. २८८ निर्वाचित सदस्यांनी काय करावे? वाट पाहावी.

आणि तसेच घडले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी ह्यांनी जून २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून अध्यक्षपद रिक्त का, अशी विचारणा केली होती. त्याच राज्यपालांनी डिसेंबरात, बदललेले नियम सकृद्दर्शनी घटनाबाह्य आहेत असे सांगून तारीख देण्यास नकार दिला. भाजपचे आमदार गिरीश महाजन दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांच्याकडून दहा लाख रुपयांची अनामत घेतली आणि ९ मार्च २०२२ रोजी याचिका फेटाळून ती जप्त केली. तरीही अध्यक्षपद रिकामेच राहिले. जूनअखेर शिवसेनेत फूट पडून सरकार गेले. ३० जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. आणि सतरा महिने जी तारीख सापडत नव्हती ती चार दिवसांत सापडली. ३ जुलै २०२२ रोजी, त्याच बदललेल्या नियमांखाली, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी राजन साळवी ह्यांचा पराभव करून अध्यक्ष झाले. सदस्य एकेक करून उभे राहिले आणि शिरगणती झाली. जो नियम घटनाबाह्य म्हणून एका पक्षाने न्यायालयात नेला, त्याचा पहिला लाभार्थी तोच पक्ष ठरला; ज्यांनी तो केला, ते त्याच नियमाखाली हरले. राज्यपालांच्या घटनात्मक शंकेचे मध्यंतरी काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी विचारलेही नाही.

ह्या नाट्याचा उपहास करणे सोपे आहे. पण मूळ प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. खुले मतदान मुळातच लोकशाहीविरोधी आहे काय? तसे म्हणता येणार नाही. लोकसभेचा अध्यक्ष प्रस्ताव मांडून खुल्या मतदानानेच निवडला जातो. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ग. वा. मावळंकर ह्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे राहिले आणि मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. एका मराठी माणसाने दुसऱ्याला दिलेली ती लढत उघड होती आणि तिने कोणाची प्रतिष्ठा उणावली नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १८३९ पासून सदस्य नाव पुकारून अध्यक्षासाठी मत देतात. ब्रिटिश कॉमन्स सभेचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. तिने २००१ मध्ये गुप्त मतपत्रिकेची पद्धत स्वीकारली आणि २००९ मध्ये प्रथम वापरली. २६ मार्च २०१५ रोजी, संसद विसर्जित होण्याआधीच्या शेवटच्या दिवशी, कॅमेरून सरकारने अध्यक्षाच्या फेरनिवडीसाठीही गुप्त मतदान आणण्याचा प्रस्ताव आयत्या वेळी पुढे केला. त्यामागे तत्कालीन अध्यक्ष बर्को ह्यांना घालवण्याचा हेतू आहे, हे उघड होते. कार्यपद्धती समितीचे अध्यक्ष चार्ल्स वॉकर हे खुद्द सरकारपक्षाचे. पण आपल्याला अंधारात ठेवल्याची तक्रार त्यांनी भर सभागृहात केली. सरकारचा प्रस्ताव २०२ विरुद्ध २२८ मतांनी पडला. मुंबईत असा एकही वॉकर निघाला नाही.

तेव्हा दोन्ही पद्धती लोकशाही देशांत नांदतात. फरक पडतो तो भारतापुरत्या एका गोष्टीने. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतराच्या प्रकरणांत अध्यक्ष हा न्यायाधीश झाला. मावळंकर-मोरे लढतीच्या वेळी अध्यक्षाच्या हाती कोणाचे सदस्यत्व नव्हते. आज ते आहे. ३ जुलै २०२२ च्या मतदानासाठी शिवसेनेच्या एका गटाने पक्षादेश काढला होता. तो मोडून नार्वेकरांना मत दिल्याबद्दल अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. आणि त्या याचिकांचा निवाडा करावयास बसले, ते त्याच मतांनी निवडून आलेले नार्वेकर. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणीचा दिलेला आदेश असमर्थनीय ठरवला, नव्या प्रतोदाची मान्यता बेकायदा ठरवली. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षाकडेच ठेवला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी दोन्ही गटांतील एकाही सदस्याला अपात्र ठरवले नाही. निकालाच्या गुणावगुणांत येथे शिरण्याचे कारण नाही. ज्यांच्यावर खटला आहे त्यांनीच न्यायाधीश निवडावा, तोही हात वर करून, ही रचना कोणत्याही जिल्हा न्यायालयात एक दिवस टिकली नसती. मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा असे सुचवले होते. तो विचार होईपर्यंत अध्यक्षाची निवड गुप्त मतदानानेच होणे इष्ट आहे. निदान सदस्याने विरोधात मत दिले आहे हे ठाऊक असलेल्या न्यायाधीशापुढे त्याला उभे राहावे लागू नये.

ह्यावर घोडेबाजाराचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. २० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीत गुप्त मतदानात आघाडीची मते फुटली आणि शिंदे ह्यांनी सुरतेची वाट धरली. राज्यसभेच्या निवडणुकीत हाच रोग म्हणून २००३ मध्ये खुली मतपत्रिका आणली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. परंतु बाजाराचाच दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा. मत विकत घेणाऱ्याची मोठी अडचण असते ती माल पोचल्याचा पुरावा मिळण्याची. गुप्त मतदानात त्याला तो सहजासहजी मिळत नाही. विकणारा पैसे घेऊन वाटेल तिकडे मत देऊ शकतो. खुल्या मतदानात खरेदीदाराला जागेवर पावती मिळते. जुलै २०२२ मध्ये फुटलेल्या गटाने सगळ्या महाराष्ट्रासमोर, दूरचित्रवाणीच्या साक्षीने, उभे राहून मते दिली. म्हणजे फूट टाळण्यासाठी केलेल्या नियमाने फूट टळली नाही. तिची मोजदाद तेवढी सोपी झाली.

आवाजी मतदानाविषयी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे विधानसभेचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडले गेले. त्याच दिवशी त्यांच्यापुढे देवेंद्र फडणवीस ह्यांच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. भाजपचे १२२ सदस्य निवडून आले होते. म्हणजे स्वतःचे बहुमत नव्हते. राष्ट्रवादी काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता, पण तो नोंदीत यावा अशी कोणाचीच फारशी इच्छा दिसत नव्हती. ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले. शिवसेना व काँग्रेसने मागितलेला पोल मिळाला नाही. त्या दिवशी कोणी सरकारच्या बाजूने मत दिले आणि कोण गप्प बसले, हे आजही कामकाजाच्या इतिवृत्तातून कळत नाही. आवाजाला आकडा नसतो, नावही नसते. २०१४ मध्ये आवाजी मतदानाने फसवणूक झाली म्हणणारे २०२१ मध्ये ते अध्यक्षाच्या निवडीसाठी घेऊन आले. आणि २०१४ मध्ये त्याच्या जोरावर सरकार वाचवणारे २०२१ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेले. २८ डिसेंबर २०२१ रोजी, त्याच अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, राज्यातील विद्यापीठांचा कायदा बदलणारे विधेयकही गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाले. कुलगुरूंच्या निवडीसारख्या विषयावर सभागृहात धड एक वादविवाद झाला नाही.

जेम्स ब्युकॅनन हा अर्थशास्त्रज्ञ समाजवाद्यांच्या जवळचा नव्हे. बाजारपेठेचा तो कट्टर पुरस्कर्ता. परंतु गॉर्डन टुलक ह्यांच्यासह १९६२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने जो विचार मांडला, तो कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही. खेळाचे नियम ठरवताना आपण उद्या जिंकणाऱ्यांत असू की हरणाऱ्यांत, हे कोणालाच ठाऊक नसेल, तर नियम न्याय्य होण्याची शक्यता वाढते. डाव निम्मा झाल्यावर, हातातील पाने पाहून केलेला नियम हा नियम नव्हे. ती चाल असते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये झालेली ती चाल होती. आवाजी मतदानाचे गुण सरकारला तत्त्वतः पटले असते, तर दुरुस्ती पुढील विधानसभेपासून लागू होईल असे एक वाक्य तिला जोडता आले असते. त्या एका वाक्याने हेतूची परीक्षा झाली असती. ते जोडले गेले नाही.

मराठवाड्याने ह्या चालींची किंमत मोजली आहे. अनुच्छेद ३७१(२) खालील मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे येण्याची घटनेने केलेली ती व्यवस्था होती. १ मार्च २०२१ रोजी उपमुख्यमंत्री अजित पवार ह्यांनी सभागृहातच सांगितले, की राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेच्या बारा नियुक्त सदस्यांची नावे जाहीर करतील त्या दिवशी विकास मंडळे जाहीर होतील. म्हणजे आठ जिल्ह्यांचे सिंचन नि रस्ते हे राजभवन आणि मंत्रालय ह्यांच्यातील सौद्याचे तारण झाले. अध्यक्षपद रिक्त होते त्याच महिन्यांतील ही गोष्ट. पूर्णवेळ अध्यक्ष असता तर मंडळे आली असती असे कोणी म्हणणार नाही. परंतु असल्या विधानावर सरकारला धारेवर धरू देणे हेच तर अध्यक्षाचे काम असते. मराठवाड्याचे ४६ आमदार त्या दिवशी काय करत होते, हा प्रश्न पक्षनिरपेक्ष आहे.

सभागृहच नसले म्हणजे काय होते, हे तर ह्या शहराने घरच्या नळाला अनुभवले. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्याच काळात शहराच्या पाणीपुरवठा योजनेचा खर्च १,६८० कोटींवरून २,७४० कोटी रुपयांवर गेला. वाढलेल्या हजार कोटींचा हिशेब विचारणारा एकही निर्वाचित नगरसेवक सभागृहात नव्हता, कारण सभागृह नव्हते.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर राज्यातील चित्र आणखी पालटले. विरोधी पक्षांपैकी शिवसेनेच्या ठाकरे गटाला २०, काँग्रेसला १६ आणि राष्ट्रवादीच्या पवार गटाला १० जागा मिळाल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी नार्वेकर पुन्हा, ह्या खेपेस बिनविरोध, अध्यक्ष झाले. एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, म्हणजे २९, सदस्य एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत म्हणून विरोधी पक्षनेतेपद अडले. ह्याच शहरातील अंबादास दानवे ह्यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपल्यावर विधान परिषदेतही ते पद रिकामे झाले. महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यात एक दशांशाची अट नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षाची अथवा सभापतीची मान्यता, एवढेच त्यात आहे. म्हणजे पुन्हा सर्व काही अध्यक्षाच्या इच्छेवर येऊन ठेपते. स्वतःच्या सदस्यांना घाबरणाऱ्या सरकारने केलेला नियम आता कोणालाच घाबरण्याचे कारण नसलेल्या बहुमताच्या हाती पडला.

मागावयाचे काय, हे फार अवघड नाही. अध्यक्षपद रिक्त झाल्यापासून पंधरा दिवसांत, अधिवेशन चालू नसेल तर पुढील अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, निवडणूक व्हावी. तारखेसाठी कोणाच्या शिफारशीची गरज नसावी. लढत झाल्यास मतपत्रिका गुप्त असावी. विश्वासदर्शक ठराव आणि धनविधेयके ह्यांवर उलट नावनिशीवार मतनोंद सक्तीची असावी, कारण तेथे सदस्य मतदाराला उत्तरदायी आहे. आणि नियमांची कोणतीही दुरुस्ती, ही दुरुस्तीसुद्धा, पुढील विधानसभेपासूनच अमलात यावी. असा अशासकीय ठराव मांडावयास विरोधी बाकांवरील एक सदस्यही पुरे. तो फेटाळला जाईल हे गृहीत धरावे. मात्र तो कोणी फेटाळला ह्याची नावे इतिवृत्तात यावयाची असतील, तर त्या सदस्याने आवाजी मतदानावर न थांबता वेळेवर पोल मागितला पाहिजे.